पास मागू नका, टोपलीत टाका

अमेरिकेत नॅशव्हिलला राहते म्हटलं की भारतातून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे ते काउबॉय टोपीवालं गाव ना?" हो, तेच. टोप्या आहेत, बूट आहेत, ब्रॉडवे या इथल्या बारवाल्या रस्त्यावर लग्नाआधीची पार्टी करायला आलेल्या नवऱ्यामुली आणि त्यांच्या किंचाळणाऱ्या मैत्रिणीही आहेत. त्यासाठी रील्स बघा. मला लिहायचंय ते एका हॉलमधून फिरणाऱ्या वेताच्या टोपलीबद्दल.

इथे घरगुती मैफली होतात, हाउस कॉन्सर्ट म्हणतात. कुणीतरी घरातला सोफा गॅरेजमध्ये ढकलतं, घडीच्या खुर्च्या मांडतं, ओळखीपाळखीत ईमेल फिरते. येतो म्हणून कळवलं की मग पत्ता मिळतो. प्रत्येक जण काहीतरी खायला करून आणतो. गिटार, बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच); माइक बऱ्याचदा नसतोच. मध्यंतराच्या आधी यजमान उभा राहून स्वच्छ सांगतो: माणशी २५ डॉलर द्यावेत अशी अपेक्षा आहे, जास्त दिलेत तर आनंद, टोपलीतले सगळे पैसे पाहुण्या कलाकारांचे, माझा त्यात एक सेंट नाही. गाणारी बाई तिथेच उभी असते आणि टोपली तिच्या डोळ्यांदेखत फिरते. कुणी ओशाळत नाही, तीसुद्धा नाही. रात्री ती त्याच घरात झोपते आणि सकाळी पुढच्या गावाला गाडी हाणते.

मला या मोकळेपणाचं फार अप्रूप वाटलं. आपल्याकडे कलाकारासमोर पैशाचं नाव काढायचं नाही. पाकीट आतल्या खोलीत, चिटणीसांच्या हातून, दोघांनीही दुसरीकडे बघत द्यायचं-घ्यायचं. आणि श्रोत्यांचं म्हणाल तर नाटकाचा पास मिळवणं म्हणजे ओळखी किती वरपर्यंत आहेत याचा दाखला. आमच्या सासरी तिकीट काढून गेलेल्या माणसाची कीव करतात.

पण टोपली हौसेची नाही, गरजेची आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला आणि वाजवणाऱ्यांना काही नाही. बऱ्याच देशांत असं नाही, या श्रीमंत देशात आहे! स्पॉटिफायवर दर ऐकण्यामागे सेंटचा तुकडा, आणि २०२४पासून जे गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं जात नाही त्याला तोही नाही. मोठ्या स्टेडियमवाल्यांचं यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते इथे ज्याला अमेरिकाना किंवा रूट्स म्हणतात त्या मंडळींचं. ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं वेगवान गाणं), जुनी डोंगराळ भागातली गाणी, ब्लूज, चर्चमधलं गॉस्पेल, असं सगळं त्यात येतं. त्यांची संघटना १९९९ साली याच नॅशव्हिलमध्ये सुरू झाली, २०१०पासून ग्रॅमीत वेगळा पुरस्कारही आहे. मान आहे, पण पेट्रोल भरायला लागतं ते टोपलीतूनच.

म्हणून कार्यक्रम संपला की शेवटच्या सुरावर टाळ्या चालू असतानाच गायिका धावत दाराशी जाते. तिथे तिचंच टेबल: सीडी, एलपी, टी-शर्ट, कार्ड घासायचं चौकोनी यंत्र, मार्कर पेन आणि ईमेल लिहायला दोरीनं पेन बांधलेलं पॅड. आत्ता तुम्हाला रडवलेली बाई तुमच्यासाठी मीडियम साइझ शोधत खोक्यात वाकलेली असते. आमच्याकडे सीडी लावायला यंत्र नाही, तरी सीड्यांचा एक खण भरलाय. नवरा म्हणतो, "या कशावर ऐकायच्या?" ऐकायला नाहीतच त्या.

आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिला एका मैफलीला नेलं. इंग्रजी गाणी तिला कळतील का ही माझीच काळजी. बँजो सुरू झाल्यावर ती मांडीवर बोटं मोजत बसली. तो बँजो मूळचा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा, हे मी तिला सांगितलं. रिअॅनन गिडन्ससारखी गायिका आज हेच सगळ्यांना आठवण करून देत हिंडते. आई म्हणाली, "म्हणजे ज्यांचं वाद्य त्यांनाच बाहेर ठेवलं. आपल्याकडे काय वेगळं झालं?" टोपली आली तेव्हा तिनं वीस डॉलरची नोट काढली, थांबली, आणि म्हणाली, "वरचा एक दे गं. शून्यावर बिदागी देत नाहीत." यजमानीणबाईंना मी ते समजावलं, तर पुढच्या ईमेलमध्ये त्यांनी २५चे २६ केले.

घराबाहेरही शिस्त बघण्यासारखी. ग्रीन हिल्स भागातल्या दुकानांच्या रांगेत १९८२ पासून ब्लूबर्ड कॅफे आहे, जेमतेम नव्वद खुर्च्या. गीतकार खोलीच्या मधोमध गोल बसून आळीपाळीनं आपलीच गाणी म्हणतात आणि कुणी कुजबुजलं की "शूऽऽ" हा तिथला अधिकृत नियम आहे. ज्याचं गाणं दुसऱ्यानं गाऊन गाजवलं, तो मूळ माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो. मला मात्र स्टेशन इन हे ब्लूग्रासचं ठिकाण जवळचं वाटतं. आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिले, हे बुटकं दगडी घर १९७८ पासून तिथेच, आत पॉपकॉर्नचा वास, रविवारी रात्री ब्लूग्रासवाले गोल करून वाजवतात आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. फुकट म्हटल्यावर आमचे इथले मराठी मित्र एकदा आले. गाण्यांपेक्षा पार्किंगच्या दरावर जास्त बोलले.

हे कौतुक चाललंय म्हणून इथे सगळं छान आहे असं समजू नका. त्याच ब्रॉडवेवर बारमध्ये आत जायला तिकीट नसतं, बँड चार-चार तास उभा राहून वाजवतो आणि कमाई मुख्यतः बादलीत पडणाऱ्या टिपवर. शंभरदा वाजवलेलं गाणं पुन्हा मागायचं आणि डॉलर न टाकता पुढच्या बारमध्ये जायचं, हे इथलेच लोक करतात. यापेक्षा आपला व्यावसायिक नाटकवाला बरा, ठरलेली 'नाईट', म्हणजे प्रयोगामागचं मानधन, तरी मिळते. आणि नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी देतात, ती घरटी वर्गणीतूनच असते ना? टोपली आपल्यालाही ठाऊक होती. शहरात आलो आणि पास मागायला लागलो.

आता खरी कुरबूर. इथल्या मराठी मंडळींत माझ्यावर आरोप आहे की हिला गोऱ्यांच्या गाण्याला पैसे आहेत, मंडळाच्या कार्यक्रमाला नाहीत. आहेत हो! पण मंडळाच्या ४० डॉलरमध्ये हॉल, जेवण, श्रीखंडाची वाटी आणि देणगीदारांचे सत्कार जाऊन भारतातून आलेल्या गायकाच्या हातात किती पडतं हे विचारलं की विषय बदलतो. तबलजीचं तर नावही पत्रिकेत नसतं. मी सुचवलं की दाराशी एक टेबल लावू, कलाकार स्वतः सीडी, पुस्तकं काय असेल ते विकतील, सगळे पैसे त्यांचे. उत्तर आलं, "बरं दिसत नाही. पंडितजी काय दुकान मांडून बसणार?" मी पंडितजींनाच फोन करून विचारलं. त्यांनी विचारलं, टेबल किती मोठं आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमाची मीटिंग पुढच्या शनिवारी आहे. घडीचं टेबल आमच्या गॅरेजमध्ये आहेच, ते घेऊनच जाणार आहे.