चार ओळींच्या खुलाशाला २७ दिवस

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत जळगावला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात माझी इंटर्नशिप चालू होती. रात्री साडेनऊला पारोळा तालुक्यातल्या वार्ताहराचा फोन आला. शेतकऱ्याची आत्महत्या. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. ‘घरगुती वादातून’ हे त्याने पोलीस ठाण्याच्या आवारात ऐकलं होतं. कुणाकडून, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा पुरवणीच्या पहिल्या पानावर तीन कॉलम, मथळ्यातच कारण, आणि आत जीव कसा दिला त्याचं वर्णन.

तिसऱ्या दिवशी मृताचे भाऊ कार्यालयात आले. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, “ताई, तुम्हले हाई कोनी सांगं?”

घरात वाद झालाच नव्हता. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं होतं, परतीच्या पावसात बोंडं काळी पडली होती. मी ठाण्यात फोन लावला. अकस्मात मृत्यूची नोंद होती, चौकशी सुरू होती, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटांचा फोन. तो मी त्या रात्री करायला हवा होता. आत्महत्येची बातमी ठळक छापू नये, पद्धत सांगू नये, एकच कारण चिकटवू नये, मदतीचा क्रमांक द्यावा, हे सगळं वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या अनुषंगाने आम्हाला शिकवलेलं होतं. आमच्या बातमीखाली १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकसुद्धा नव्हता.

भाऊंची घाई समजण्यासारखी होती. शेतकरी आत्महत्येत वारसांना एक लाखाची मदत असते. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते आणि नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा या गोष्टी तिथे पाहिल्या जातात. कात्रण हा काही पुरावा नव्हे. पण चौकशीला गावात आलेल्यांच्या हातातही तेच कात्रण होतं, असं भाऊ सांगत होते. वहिनी, म्हणजे मृताच्या पत्नी, घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या.

खुलासा उद्याच छापू, असं मी भाऊंना सांगून बसले. असा शब्द इंटर्नने कधीही देऊ नये.

डेस्कवर पहिलं उत्तर मिळालं, “वार्ताहर दुखावेल.” तालुक्याचा वार्ताहर बातम्यांबरोबर जाहिरातीही आणतो आणि दिवाळी पुरवणी तोंडावर आली होती. दुसरं उत्तर, “एकाचा छापला की उद्या दहा जण येतील.” मग ठरलं की संबंधितांनी लेखी अर्ज द्यावा. भाऊंनी दिला. अर्जाला सरपंचाचा दाखला जोडा, असं सांगितलं गेलं. बातमी छापताना कुणी कुणाचा दाखला मागितला नव्हता, हे मी तिथल्या तिथे बोलले आणि दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. भाऊ दाखला घेऊन एरंडोलमार्गे एसटीने पुन्हा आले, तेव्हा साहेब जेवायला गेले होते. दीड तास ते जिन्यातल्या बाकावर बसून होते. तिसऱ्या खेपेला कळलं की हा निर्णय जिल्ह्याला घेताच येत नाही, मुख्य कार्यालयाला विचारावं लागतं. मुख्य कार्यालयात फोन केला, तर ते म्हणाले, जिल्ह्याकडून प्रस्ताव येऊ द्या. प्रस्ताव कुणी पाठवायचा, हे दोन्हीकडे कुणालाच सांगता येईना. ऐन वेचणीत त्या माणसाचे तीन दिवस गेले. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो.

पत्रकारिता शिकवणाऱ्या आमच्या बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी अंकाचं शेवटचं पान उघडायला लावलं. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, पत्ता आणि बातम्यांच्या निवडीला जबाबदार संपादकाचं नाव असतं. अर्ज त्या नावाने करायचा. ‘जिल्हा कार्यालय’ असं लिहिलेला अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. पत्रात तारीख, पान क्रमांक, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, बरोबर माहिती आणि नेमकं काय छापून हवं ते लिहायचं. आमचं पत्र एका पानात बसलं. स्पीड पोस्टने पाठवलं, पावती जपून ठेवली.

शेवटच्या ओळीत आम्ही लिहिलं की योग्य मुदतीत उत्तर न आल्यास प्रेस कौन्सिलकडे तक्रार करू. ही धमकी नव्हती, पद्धतच तशी आहे. आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं, त्याची प्रत तक्रारीला जोडावी लागते. दैनिकाबद्दलची तक्रार बातमी आल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते, म्हणून खेपा घालण्यात वेळ घालवू नका. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ताशेरे ओढते. तेवढं पुरलं. सहाव्या दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला. ज्यांना प्रस्ताव हवा होता तेच बोलत होते.

एक राहिलं. पहिल्याच अर्जाच्या प्रतीवर मी शिक्का आणि सही घेतली नव्हती. तो अर्ज आलाच नाही, असं नंतर आम्हाला ऐकवलं गेलं. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नका.

२७व्या दिवशी खुलासा आला. आतल्या पानावर, चार ओळी. चूक कळली की दुरुस्ती तत्परतेने आणि ठळकपणे द्यावी, गंभीर चूक असेल तर दिलगिरीही असावी, असं कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. आमच्या चार ओळींत ‘दिलगीर’ हा शब्द होता आणि तो मीच टाइप केला होता. मला त्याचा अभिमान आहे. त्या दिवशीचे पाच अंक घेऊन मी स्वतः गावी गेले. वहिनींनी वाचलं, एक अंक घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता मी कारण लिहीत नाही. ‘पोलिसांत नोंद, चौकशी सुरू’ यापुढे जात नाही, वार्ताहर कितीही खात्रीने सांगो. आणि घरच्यांना फोन करण्याआधी ठाण्यात करते.

ई-पेपरवर मूळ बातमी मात्र मथळ्यासकट तशीच आहे. तिच्यासाठी वेगळं पत्र गेल्या सोमवारी दिलं. पोच घेतली आहे.