चार्ली आजारी आहे

सरळ रेषेत दहा पावलं. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत चालायचं. उंचीवर मेंदूला सूज यायला लागली तरी माणूस नीट बोलू शकतो, हसू शकतो, पण ही दहा पावलं त्याला जमत नाहीत. उत्तराखंडातल्या लाता खरक या उंचावरच्या कुरणात त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी काकांना पाच जमली. सहाव्याला ते डावीकडे कलले.

"अगं, दगड होता खाली."

दगड होता खरा. मी जागा बदलली. या वेळी सातव्याला कलले.

नंदादेवी राष्ट्रीय उद्यानात लोक चढायला येत नाहीत, दर्शनाला येतात. 7816 मीटरचं ते शिखर आणि त्याच्या भोवतीचं आतलं खोरं 1983 पासून बंद आहे. लाता गावातून वर खरकला मुक्काम करायचा, पहाटे डोंगराच्या धारेवर चढायचं आणि ऋषिगंगेच्या घळईपलीकडे तिला बघायचं. त्रेसष्ट वर्षांचे काका त्या एका पहाटेसाठी आले होते. चढाईचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ. आत शिरायची वाटच सापडत नव्हती म्हणून ह्यू रटलेज तीनदा परत गेला, 1934 मध्ये शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक तीन शेर्पांसह घळईतून आत पोचले, हे ते गावातल्या चुलीपाशी असं सांगत होते की आमचे लाताचे गाईड भैजीसुद्धा काम थांबवून ऐकत बसले.

चिडचिड होते ती वेळापत्रकाची. लाता ते खरक म्हणजे एका दिवसात जवळजवळ 1400 मीटर उंची. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हे पहिल्या कोर्सपासून शिकवतात. ट्रेक आखणाऱ्यांनी मधला मुक्काम काढून एक दिवस वाचवला, कारण सुट्टी कमी लागली की माणसं जास्त येतात. तो कार्यक्रम वाचून मीही होकार दिला होता. ते ओझं माझ्याकडे आहेच.

आणि माणसं लपवतात. ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच-सहा खोल श्वास जोरात घेतले की आकडा वर जातो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. काकांचा 91 आला. मी बोटाला यंत्र तसंच ठेवून त्यांना घरच्यांबद्दल विचारत बसले. दोन मिनिटांत 82. सकाळपासून डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, हे तंबूतल्या जोडीदाराने सांगितलं, त्यांनी नाही. गोळीने डोकं थांबतं आणि आमचा पहिला इशाराच पुसला जातो.

मी भैजींकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "अभी उजाला है."

काकांना उतरायचं सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. हात जोडले. "एक रात्र. पहाटे बघतो आणि लगेच उतरतो." अशा वेळी काय बोलावं हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मी त्यांचीच गोष्ट त्यांना सांगितली. 1936, नंदादेवीवरची मोहीम. सर्वात वरच्या तंबूत नोएल ओडेल आणि चार्ल्स ऊर्फ चार्ली हूस्टन. शिखर त्या दोघांचं ठरलेलं. डब्यातलं मांस बाधून हूस्टन रात्रीत आडवा झाला. 'चार्ली इज इल' असं ओडेल खाली ओरडला आणि खालच्यांना ऐकू आलं 'चार्ली इज किल्ड'. घाबरून सगळे वर धावले. हूस्टन उतरला, त्याच्या जागी टिलमन गेला आणि 29 ऑगस्टला ओडेलबरोबर माथ्यावर उभा राहिला. पुढे डॉक्टर झालेल्या याच हूस्टनने उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याच्या आजारावर 1960 मध्ये लिहिलं. आज आम्ही जे ओळखायला शिकतो, त्यात त्याचा वाटा आहे.

काका बराच वेळ गप्प होते. मग बूट घालू लागले.

त्याच मोहिमेत कितार नावाचा शेर्पा हगवणीने तळावर वारला. हूस्टनचं आजारपण सगळे सांगतात, कितारचं मरण कुणी सांगत नाही. उतरताना सारखा तोच डोक्यात होता, कारण त्या अंधारात काकांच्या कमरेचा दोर धरून पुढे चालत होते ते भैजी आणि त्यांचा पुतण्या. घसरले असते तर आधी तेच.

निघताना मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन 8 मिलिग्रॅम दिलं होतं. वाटेत बळंच पाणी पाजलं. बुरांसच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलात ओल्या पानांवर पाय ठरत नव्हता, पाचशे मीटर उतरायला चार तास लागले. तिथे काकांनी स्वतःहून चहा मागितला. मी बॅटरीच्या उजेडात पुन्हा रेषा आखली. दहाच्या दहा पावलं सरळ.

गुंता इथेच आहे. औषध, पाणी आणि उतार, तिन्ही मी एकदम दिलं. मेंदूची सूज होती म्हणून औषधाने उतरली, की नुसता थकवा आणि तहान होती, ते आता कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी जोशीमठच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. उतरवलंत ते बरं केलंत, म्हणाले. काय झालं होतं ते त्यांनाही सांगता येईना. पुन्हा तशी संध्याकाळ आली तर मी पुन्हा उतरवेन. तरी सातवं पाऊल आठवतं. तिथेही एखादा दगड होता का?

त्या पहाटे आकाश लख्ख होतं. बाकीच्या पाच जणांनी धारेवरून तिला पाहिलं. जोशीमठला एकाने फोटो पुढे केला तेव्हा काकांनी तो हात हळूच बाजूला सारला. "फोटो नको. मी बघेन."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, या ऑक्टोबरला येतो म्हणून. जोशीमठला दोन रात्री आणि जंगलात मधला मुक्काम, या माझ्या अटी त्यांनी ऐकायच्या आधीच मान्य केल्या. भैजी हो म्हणालेत. मी अजून उत्तर दिलेलं नाही.