चारशे अठरा

आमचे सासरे, नाना, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. नोटा आणि स्टॅम्प छापतात ती. कागद मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, आणि एक ताव जरी कमी भरला तरी तो सापडेस्तोवर जागचं हलायचं नाही, असं ते सांगतात. ही सवय अंगात इतकी मुरलीय, की इस्त्रीचे कपडे आले तरी ते दोनदा मोजतात. अशा माणसाच्या कॅमेऱ्यातले फोटो टॅबमध्ये टाकून द्यायचं काम मी अंगावर घेतलं.

"दोन मिनिटांचं काम आहे, नाना," असं वर म्हणालेही.

जानेवारीतला रविवार होता. निफाडचा पारा उतरल्याची बातमी दरवर्षीसारखी छापून आली होती, आणि नेमके त्याच थंडीत आम्ही पहाटे नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा. 2020 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. तेव्हापासून नाना त्याचा उल्लेख 'आपलं नांदूरमध्यमेश्वर' असा करतात, जणू सातबारा त्यांच्या नावावर आहे. पक्षी लांब पाण्यात असतात. माझ्या फोनने काढलेली चक्रवाकाची जोडी म्हणजे चहाच्या बशीवर पडलेले दोन डाग. नानांचा कॅमेरा जुना, 2008 साली घेतलेला, चार पेन्सिल सेलवर चालणारा. पण त्याची भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात. माझ्या फोनसारखं नुसतं चित्र ताणून 'झूम' म्हणत नाही. त्यामुळे त्यांचा वारकरी पक्षी अगदी वारकरी आला होता: काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा.

घरी आल्यावर पहिली अडचण वायरीची. कॅमेऱ्याची पिन वेगळी, टॅबची वेगळी, आणि कॅमेऱ्याची मूळ वायर कुठल्या तरी दिवाळीच्या साफसफाईत गेलेली. एमजी रोडवरून कार्ड रीडर आणला. अंगठ्याएवढा डबा, एका बाजूने कार्ड आत सारायचं, दुसरी बाजू टॅबला लावायची. दुकानातल्या पोराने "ओटीजी आहे ना टॅबला?" असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. सुदैवाने टॅबला असा डबा जोडायची ती सोय होती.

कार्ड माझ्या हातात देण्याआधी नानांनी त्याच्या डाव्या अंगाची बारकी पट्टी नखाने खाली सरकवली.

"कडी लावली," ते म्हणाले. "आता तुझ्या हातून काही पुसलं जायचं नाही."

विश्वास म्हणावा तर हा! पण बोलण्यात तथ्य होतं. ती पट्टी 'लॉक'ला असली की कार्डातलं वाचता येतं, त्यावर लिहिता किंवा त्यातलं पुसता येत नाही. गंमत म्हणजे आतल्या चिपला या कडीचा पत्ताही नसतो. तो नुसता प्लास्टिकचा तुकडा. ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच तो कुठे आहे ते बघते आणि मान राखते. आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीलाही अशीच कडी होती. चोरापेक्षा सभ्य माणसासाठी.

नानांची दुसरी अट: "कॉपी कर. कट करू नकोस. ताळा जमला की मग बघू." हे मात्र मी आता सगळ्यांना सांगते. मध्येच कार्ड हललं किंवा टॅबची बॅटरी बसली, तर कॉपी करताना फार तर पुन्हा करावं लागतं. कट करताना इथलेही नाहीत आणि तिथलेही नाहीत, असं व्हायची भीती.

पाचेकशे एमबी होते. हिरवी पट्टी भरत गेली आणि 'झालं' म्हणाली. मी ऐटीत गॅलरी उघडली. सगळ्यात वर शनिवारी काढलेला गॅसच्या पावतीचा फोटो. त्याखाली लेकीचा प्रोजेक्ट. पक्षी एकही नाही.

"गेले," नाना म्हणाले. आवाजात दुःखापेक्षा 'मला माहीत होतं' हे जास्त.

मी पुन्हा कॉपी केले. पुन्हा पट्टी, पुन्हा 'झालं', पुन्हा गॅसची पावती. शेवटी आठवीतली लेक आली, तिने काही न विचारता टॅब हातात घेतला आणि बोटाने गॅलरी खाली खाली लोटत नेली. वाढदिवस गेले, कोविडातले मास्क गेले, 2015 चा सिंहस्थ गेला. पार तळाशी गेल्यावर 2008 च्या सप्टेंबरातला गोदावरीचा पूर लागला. तेव्हाचे फोटो मागे एका सीडीवरून टॅबमध्ये आणले होते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, यावर नाशिककर पूर मोजतात. नानांनी त्या एका मारुतीचेच अकरा फोटो काढलेले. आणि त्या पुराच्याही खाली, 1 जानेवारी 2008 ला, आमचा वारकरी. दोन-दोनदा.

कारण साधं निघालं. सेल आत राहिले तर पाझरतात, म्हणून नाना कॅमेरा कपाटात ठेवताना ते काढून ठेवतात. पण सेल महिनोन्‌महिने बाहेर राहिले की आतलं घड्याळही बंद पडतं. परत घातले की कॅमेरा तारीख विचारतो. भल्या पहाटे, बोटं गारठलेली असताना, नानांनी न बघता ओके दाबलं होतं. मग कॅमेऱ्याने कारखान्यातून निघताना ठाऊक असलेली तारीखच धरली आणि प्रत्येक फोटोच्या पोटात तीच लिहिली. टॅब बिचारा पोटातलं वाचतो आणि त्याप्रमाणे रांगेत उभं करतो. थोडक्यात, आमच्या घराचा सचित्र इतिहास आता एका वारकऱ्यापासून सुरू होतो.

जादाचे काढून टाकले. मला वाटलं, सुटले. पण नानांनी डायरी उघडली होती.

कॅमेरा फोटोंना नावं देत नाही, नंबर देतो. आधी डीएससी, म्हणजे डिजिटल स्टिल कॅमेरा, आणि शेवटी चार आकडे. 9999 झाले की पुन्हा 0001. माझ्या लेखी ही निव्वळ कटकट. नोटेवरचा नंबर बघत आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र घरच्यासारखं वाटलं असणार. त्यांनी पहिला नंबर टिपला होता, 372, आणि शेवटचा, 487.

"म्हणजे एकशे सोळा पाहिजेत. किती आहेत?"

"एकशे पंधरा."

मी चहा टाकायला उठणार होते, ती परत बसले. कार्डात मोजले, तिथेही एकशे पंधराच. म्हणजे माझा गुन्हा नव्हता. पण हे नानांना पुरेसं नव्हतं. चश्मा कपाळावर सारून ते एकेका फोटोचा नंबर वाचत गेले, मी हो हो म्हणत गेले. 416, शराटी. 417, नुसतं पाणी. 419, आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची पाठ.

"चारशे अठरा कुठाय?"

"तुम्हीच डिलीट केला असेल, नाना. त्याचा नंबर मग दुसऱ्याला देत नाही कॅमेरा."

"खराब झालेल्या तावाचीसुद्धा नोंद असते, सूनबाई. तो हवेत विरत नाही."

एवढा वेळ आई आत मटार सोलत होत्या. तिथूनच आवाज आला, "मी काढायला लावला तो! मनोऱ्यावर चढायच्या आधी. तुमची कानटोपी घालून मी पेरू खात होते, तेव्हाचा. असले फोटो ठेवतात होय?"

नानांनी क्षणभर दाराकडे बघितलं. मग डायरीत लिहिलं: 372 ते 487. एकूण 116. पैकी रद्द 1 (क्र. 418). खाली सही केली, आणि डायरी माझ्यापुढे सरकवली. माझीही सही हवी होती.