अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा मला सर्वप्रथम आठवली ती १९८४ च्या पावसाळ्यातील नववीच्या वर्गातली एक दुपार. त्या काळी आपल्या शाळेत संगणक नव्हता आणि आमच्यापैकी बहुतेकांनी तो वर्तमानपत्रातील छायाचित्रांतच पाहिला होता. तरीही कोणीतरी विज्ञानाच्या सरांना विचारले की, माणूस दहा अंकांत मोजतो, तर हे यंत्र शून्य आणि एक या दोनच अंकांत का मोजते? ‘त्याला तेवढेच कळते’ असे सांगून सरांना मोकळे होता आले असते. हे उत्तर आजही पुष्कळ ठिकाणी दिले जाते, पण मला ते कधी पटलेले नाही, कारण यंत्राला दोनही कळत नाहीत आणि दहाही कळत नाहीत.

आमचे जांभळी नाक्याजवळ धान्याचे दुकान होते, हे सरांना ठाऊक होते. ‘‘आजोबांकडे जुनी वजने असतील तर उद्या घेऊन ये,’’ एवढेच ते म्हणाले. किलो-ग्रॅम रुळून पंचवीसेक वर्षे झाली होती, तरी गल्ल्याखालच्या खणात ती लोखंडी वजने पडून होती. सरांनी टेबलावर चार वजने ओळीने मांडली : ४० तोळ्यांचे अच्छेर, २० तोळ्यांचे पावशेर, १० तोळ्यांचे अदपाव आणि ५ तोळ्यांचे छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे होते. मग त्यांनी मला ११ छटाक डाळ तोलायला सांगितली. दुकानदाराच्या मुलाला यात अवघड काहीच नव्हते. अच्छेर, अदपाव आणि छटाक पारड्यात टाकले आणि पावशेर बाहेर ठेवले. सरांनी फळ्यावर १०११ असे लिहिले. पारड्यात असलेल्या वजनाखाली एक आणि नसलेल्याखाली शून्य, या हिशेबाने एका छटाकापासून १५ छटाकांपर्यंतचे कोणतेही माप या चार वजनांनी साधते आणि एकही वजन दुसऱ्यांदा लागत नाही. ज्या पिढ्यांनी शेर असा निम्म्या-निम्म्याने उतरवला आणि रुपयाचे १६ आणे केले, त्यांना शून्य-एकच्या या द्विमान पद्धतीचे नाव माहीत नसेल, पण तिचा हात त्यांना पक्का बसलेला होता.

तथापि, याने मूळ प्रश्न सुटला नव्हता. दोन अंकांत मोजता येते हे दिसले, पण मोजावे का, हे कळले नव्हते. आमच्यातल्या एका हुशार मुलाने लगेच दाखवून दिले की ९९९९ ही चार अंकांची संख्या या पद्धतीत १४ अंकांची होते. सरांनी ते मान्य केले. नेमकी त्याच वेळी वीज गेली, बाहेर आभाळ काळोखलेले होते आणि पत्र्यावर पावसाचा असा आवाज होता की बोललेले ऐकू येत नव्हते. सरांनी आम्हाला व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन-दोन हात अंतरावर उभे केले. पहिल्याने बोटांनी एक अंक दाखवायचा, पुढच्याने तो क्षणभर पाहून मागे वळायचे आणि तसाच अंक तिसऱ्याला दाखवायचा. पहिल्या मुलाने सात बोटे दाखवली. शेवटच्या मुलापर्यंत नऊ पोहोचली. वाटेत कोणी टिंगल केली असणार, असे म्हणून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा पाच पोहोचली. मग सरांनी बोटे मोजणे बंद केले. फक्त मिटलेली मूठ म्हणजे शून्य आणि उघडा पंजा म्हणजे एक. सातासाठी ०१११ असे चार वेळा हात दाखवायचे. वेळ चौपट लागला, पण त्याच काळोखात सात जसेच्या तसे पलीकडे गेले.

त्या प्रयोगातील खरे मर्म मला पुष्कळ वर्षांनी उमगले. एकाने पंजा अर्धवटच उघडला होता, पण पुढच्याने तो अर्धवट पंजा पुढे पाठवला नाही. हा पंजा आहे की मूठ, एवढाच निर्णय त्याने केला आणि स्वतःचा पंजा पूर्ण उघडून दाखवला. म्हणजे चूक प्रत्येक टप्प्यावर पुसली जात होती, साठत नव्हती. बोटांच्या खेळात मात्र एकाने चुकून वाढवलेले बोट पुढच्या सर्वांचे होऊन बसत होते.

पदविका घेऊन मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात लागलो, तेव्हा हीच गोष्ट व्होल्टांच्या भाषेत भेटली. तेव्हा वापरात असलेल्या, ‘टीटीएल’ नावाच्या ५ व्होल्टांच्या चिपांचा नियम असा होता की, आत येणारा विद्युतदाब ०.८ व्होल्टांपर्यंत असेल तर तो शून्य आणि २ व्होल्टांच्या वर असेल तर तो एक. पाठवणाऱ्या चिपेने मात्र अधिक काटेकोर राहायचे : शून्य द्यायचा तर ०.४ च्या आत आणि एक द्यायचा तर २.४ च्या वर. दोन्हीकडे राखलेले हे ०.४ व्होल्ट म्हणजे वाटेतल्या उपद्रवासाठी सोडलेली जागा. त्याच ५ व्होल्टांत दहा पायऱ्या बसवल्या, तर दोन पायऱ्यांत जेमतेम अर्धा व्होल्ट उरतो आणि प्रत्येक बाजूला पाव व्होल्टाची हालचालही अंक बदलू शकते. आमच्याकडे कोणीतरी तापमान मोजणाऱ्या तारा मोटारीच्या केबलला लागून ओढल्या होत्या. मोटार सुरू झाली की तापमानाचा आकडा उड्या मारी, पण त्याच ट्रेमधून गेलेला, दरवाजा उघडा की बंद हे सांगणारा संकेत ढिम्म हलत नसे.

दोनच अंक वापरण्याचे दुसरे कारण उष्णतेचे आहे. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपेतील विजेची चिमुकली कळ, पूर्ण बंद असतो तेव्हा त्यातून प्रवाह जवळजवळ जात नाही. पूर्ण चालू असतो तेव्हा त्याच्यावर व्होल्टेज फारसे उरत नाही. दोन्ही स्थितींत शक्ती थोडीच वाया जाते. मधल्या पायऱ्यांवर ठेवलेला ट्रान्झिस्टर मात्र तापत राहतो.

दहाच्या हिशेबाने चालणारी यंत्रे माणसाने केलीच नाहीत, असे मुळीच नाही. १९४६ मध्ये जगापुढे आलेला, सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचा एनिॲक हा संगणक दशमान पद्धतीनेच मोजत असे. पण त्यातील एकेका अंकासाठी दहा विद्युत मंडलांचे कडे लागे आणि त्यांतील एकच मंडल एका वेळी चालू असे. म्हणजे दोन स्थितींचेच दहा घटक खर्ची घालून त्यांनी जे साधले, ते आमच्या चार वजनांत साधत होते. मॉस्को विद्यापीठात १९५८ साली ब्रुसेन्त्सोव्ह यांनी तीन स्थितींचे ‘सेतुन’ हे यंत्र चालवून दाखवले, आणि किती अंक लागतात व प्रत्येक अंकाच्या किती स्थिती लागतात यांचा गुणाकार केला, तर कागदावरचा हिशेब तिनाच्या बाजूने थोडा झुकतोही. पण दोन स्थितींचा घटक इतका सोपा आणि स्वस्त निघाला की तो हिशेब कागदावरच राहिला. आजच्या काही पेन ड्राइव्हमध्ये माहिती साठवणाऱ्या एकाच पेशीत १६ पातळ्या भरून चार बिट, म्हणजे शून्य-एकचे चार अंक, साठवतात, हे खरे. त्याची किंमत पेशी लवकर झिजण्यात आणि चुका दुरुस्त करण्याच्या जादा गणितात मोजावी लागते; बाहेर पडताना मात्र ते पुन्हा शून्य आणि एकच होतात.

समितीने पत्रासोबत आमच्या वर्गाच्या हस्तलिखिताचे एक पान पाठवले आहे. ते झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने त्यातील माझे नाव मलाच वाचता येत नाही. हा लेख मी ई-मेलने पाठवतो आहे. त्यातील ‘ठाणे’ या शब्दाला यूटीएफ-८ या अक्षरे शून्य-एकमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत ९६ बिट लागतात, पण तो कितीही जणांच्या हातून पुढे गेला तरी त्याचा काना-मात्रा झिजणार नाही.

वजनांबद्दल एक राहिले. त्या दिवशी चारपैकी तीनच घरी परत आली. छटाक बहुधा सरांच्या टेबलाच्या खणात राहिले. आजोबांनी वर्षभर त्याची आठवण काढली. आमच्या घरी तेव्हापासून विषम छटाक तोलता येत नाहीत. शाळेच्या कुठल्या कपाटात ते कोणाला सापडले, तर मी ते घ्यायला येईन.