सोप्यातलं आणि माळ्यावरचं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडच्या जुन्या घरांत सोपा, म्हणजे पुढची ओसरी, लहान आणि माळा लांबलचक. सोप्यात पाहुणा टेकतो, ओली छत्री उभी राहते, टपाल येऊन पडतं. माळ्यावर भाताची पोती, लग्नकार्यातली मोठी पातेली आणि गणपतीचं मखर. एखादं पोतं एक रात्र सोप्यात राहिलं तर खपून जातं. चार पोती राहिली की येणारा-जाणारा ठेचकाळतो.

आजच्या कॉम्प्युटरची बांधणीही बरीचशी तशीच असते. विंडोज बसवलेली एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क) १२८ नाहीतर २५६ जीबीची, चपळ पण अरुंद. हा सोपा, म्हणजे सी ड्राइव्ह. शेजारी एक टीबीची फिरती हार्ड डिस्क, संथ पण ऐसपैस. हा माळा, म्हणजे डी ड्राइव्ह. तरी दोन वर्षांनी बघावं तर बारशाचे व्हिडिओ सोप्यात आणि माळा निम्मा रिकामा. यात घरच्यांचा आळस थोडा, विंडोजचा खोडसाळपणा जास्त. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे फोल्डर ती न विचारता सी ड्राइव्हवरच मांडते.

आधी माप बघू. १२८ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ११९ दिसते, एक टीबीची ९३१. दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. दोन गावच्या पायलीत फरक असायचा, तसलाच प्रकार. त्या ११९मधून विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम आपला वाटा घेतात. सात-एक जीबी विंडोज पुढच्या अपडेटसाठी राखून ठेवते. हायबरनेशनची, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करण्याची, फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे ८ जीबी रॅमला तीनच्या वर. मोठं अपडेट झालं की जुन्या विंडोजचं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं बोचकं दहा दिवस तिथंच पडून राहतं. शिवाय एसएसडी १५-२० टक्के मोकळी ठेवावीच लागते. तिच्यात जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ठोकळा पुसावा लागतो आणि मोकळे ठोकळे हाताशी नसले की चपळ डिस्कही बैलगाडी होते. एवढं वजा जाता जे उरतं त्यात घरातल्या दोन समारंभांचं चित्रण मावत नाही.

हायबरनेट कधीच वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ’ ही आज्ञा इंग्रजीत (powercfg /h off) द्यावी. ते तीन जीबी लगेच परत मिळतात. मात्र विंडोजच्या पोटातलं ‘विनएसएक्सएस’ हे फोल्डर मोठं दिसतं म्हणून हातानं पुसायला जाऊ नये. तिथं हात घातलेली मशीनं दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर भेटतात. ‘डिस्क क्लीनअप’ आहे, त्यालाच ते करू द्यावं.

फोल्डर हलवायची रीत सोपी आहे आणि म्हणूनच घाईत चुकते. डी ड्राइव्हवर आधी ‘घर’ असं फोल्डर करावं, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स अशी वेगवेगळी रिकामी फोल्डरं. मग सीवरच्या मूळ फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि त्याच्या जोडीचं नवं फोल्डर दाखवायचं. बस्स. नुसती डी दाखवली तर अख्खी डी म्हणजेच डॉक्युमेंट्स होऊन बसते आणि ते परत फिरवताना नाकी नऊ येतात. दोन फोल्डरांना एकच पत्ता दिला तर दोन्हींचा काला होतो आणि मग कुठलं कुणाचं ते हातानं निवडत बसावं लागतं. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं कोठार, चालू असेल तर डॉक्युमेंट्स आधीच त्याच्या पोटात गेलेलं असू शकतं. त्याचा फुकट कोठा ५ जीबीचा. तिथला फोल्डर बॅकअप आधी थांबवायचा, फायली खरोखर आपल्या डिस्कवर आल्यात ना ते बघायचं, मगच हलवाहलवी. ‘ॲपडेटा’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ ही प्रोग्रॅमांची स्वतःची फोल्डरं आहेत तिथंच बरी. चुलीची जागा कुणी माळ्यावर नेत नाही.

एकाच ड्राइव्हवर फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकली की ती हलते, तीही क्षणात, कारण फक्त नोंदवहीतला पत्ता बदलतो. सीवरून डीवर ओढली की ती हलत नाही, तिची प्रत होते. मूळ फाइल सीवर तशीच. घरोघरी एकच लग्न दोन ठिकाणी आणि सी तुडुंब, त्याचं मूळ इथं आहे. शिफ्ट दाबून ओढलं तर हलते. तरीही पावसाळ्यात वीज जात-येत असताना दोन ड्राइव्हांमध्ये कट-पेस्ट करूच नये. मध्येच वीज गेली की निम्म्या फायली इकडे, निम्म्या तिकडे आणि एखादी अर्धवट. आधी कॉपी. मग दोन्हीकडच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि ‘साइझ’चे बाइट ताडून बघायचे. त्याखालचा ‘साइझ ऑन डिस्क’ जुळला नाही तरी घाबरायचं कारण नाही, दोन डिस्कांचे कप्पे लहानमोठे असू शकतात. आठवडाभर नव्या जागेवरून काम करून मगच जुनं पुसावं. आणि प्रत झालेल्या फाइलची ‘क्रिएटेड’ तारीख आजची होते. जुने फोटो कालचे वाटायला नको असतील तर रचना ‘मॉडिफाइड’ नाहीतर ‘डेट टेकन’ वर लावावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फोटोत टिपल्याची तारीख नसतेच. मूळ हवा असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव की’ असं सांगावं.

आता मांडणी. फोटो एकीकडे, व्हिडिओ एकीकडे, कागद एकीकडे, अशी जातवार विभागणी सगळे सुचवतात. मला ती फारशी पटत नाही. गेलं तर पुन्हा मिळेल का, हा प्रश्न आधी. प्रोग्रॅमचा इन्स्टॉलर पुन्हा उतरवता येतो, तो सोप्यात राहिला काय नि गेला काय. शेताचा आरटीसी, आपल्या बोलीत उतारा, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या साइटवरून पुन्हा निघतो, बँकेला तर ताजाच लागतो. सीमेपलीकडे कागलकडं जमीन असेल तर तिकडचा सातबाराही महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’ साइटवर असतो. नाडकचेरी या सरकारी कचेरीतला कास्ट-इन्कमचा दाखला, पंचायतीचा ई-स्वत्तु म्हणजे घर-जागेचा उतारा, मुलांचं एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड, हे पुन्हा मिळतं, पण हेलपाटे घालून. आणि १९५६च्या आधीचे, बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे मराठी कागद, त्याहून जुने मोडीतले, आजीच्या ओव्यांचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, हे पुन्हा नाहीच. म्हणून डीवर ‘घर’ सोडून तीनच मोठी फोल्डरं: ‘पुन्हा मिळेल’, ‘कष्टानं मिळेल’, ‘मिळणार नाही’. वर्षवार, माणसवार काय ते त्यांच्या आत. बॅकअपला बसलं की कुठून सुरुवात करायची ते विचारावं लागत नाही.

मोडीचा कागद स्कॅन करताना ६०० डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवला तर ए-फोर आकाराचं एक रंगीत पान न दाबता १०४ एमबी होतं, ३००ला २६. बाकीच्या कागदांना ३०० पुरेत. मोडीला मात्र कंजुषी नको, फिकट शाईतलं वळण गेलं की अक्षर गेलं.

नावांचं खूळ या भागात इतरांपेक्षा चौपट आहे. १ नोव्हेंबर २०१४ला कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं. त्याआधीच्या फायली इंग्रजीत ‘बेलगाम’, नंतरच्या ‘बेळगावी’, घरच्या मराठीत ‘बेळगाव’ आणि कचेरीतून आलेल्या कन्नड लिपीत. शोधाच्या चौकटीत एक टाकलं की बाकीच्या तीन सापडत नाहीत. खानापूर म्हणाल तर सांगली जिल्ह्यातही एक तालुका आहे. घरात एकदा बसून ठरवावं, गावाचं नाव कुठल्या लिपीत आणि कसं, आणि तेच सगळ्यांनी पाळावं. नावाची सुरुवात तारखेनं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. महिना एकअंकी असेल तर आधी शून्य. विंडोज दोनला दहाच्या आधी लावते, पण प्रत्येक मोबाइल आणि टीव्ही तेवढा समजूतदार नसतो.

मराठीची आणखी एक गोची. ‘ॲल्बम’मधला ‘ॲ’ एक सलग अक्षर असू शकतो, किंवा ‘अ’वर चंद्र दिलेला, किंवा जुन्या कीबोर्डचा ‘ऍ’. पहिले दोन डोळ्यांना सारखेच, कॉम्प्युटरला निराळे. दिसायला हुबेहूब एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी-शेजारी नांदतात आणि फोटो अर्धे इथं, अर्धे तिथं. शिवाय पत्त्याची लांबी बऱ्याच प्रोग्रॅमना अजून २६० वर्णांपर्यंतच चालते. आणि ‘खानापूर’ आपल्याला चार अक्षरांचं, कॉम्प्युटरला सात वर्णांचं, कारण काना-उकार वेगळे धरले जातात. ‘कर्नाटक’ही सातच. पाच-सहा फोल्डरांच्या आत ऐसपैस मराठी नावं दिली की कॉपी मध्येच अडते आणि का ते कळत नाही.

जुन्या लग्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्तं श्रीलिपीत किंवा कन्नडच्या नुडीत टाइप केलेली असतील तर त्या युनिकोडात, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसण्याची शक्यता मोठी. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी नुसती किरटी चिन्हं. त्या फाइलीशेजारीच फॉन्टची फाइल ठेवावी आणि जिथं अजून नीट उघडते त्या मशीनवर एक पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये फॉन्ट बरोबर जातो.

एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे करून देण्याची पद्धत होती आणि डीवर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज तिथूनच आला. विंडोज बिघडली तर डी वाचते, हे खरं. डिस्कच मेली तर चारही तुकडे एकाच तिरडीवर. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी आणि तिसरी दुसऱ्या छपराखाली. इकडच्या घरांचं निम्मं गणगोत कोल्हापूर-पुण्यात असतं, ते इथं कामी येतं. बाहेरच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून ‘एम’ हे अक्षर कायमचं द्यावं आणि नाव ‘माळा’. नाहीतर आधी पेनड्राइव्ह लागला की डिस्कचं अक्षर बदलतं आणि ठरवून ठेवलेला बॅकअप रिकाम्या जागी धावतो. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या आज्ञेचा मिरर पर्याय (एक बाजू दुसरीसारखी हुबेहूब करणारा) वापरणार असाल तर कुठून आणि कुठं हे दोनदा वाचा. उलटं पडलं तर तो भरलेली बाजू इमानदारीनं रिकामी करतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असल्यास त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीतच ठेवणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

खानापूरकडच्या पावसात लाकडी कपाटात ठेवलेल्या चपलेवरसुद्धा बुरशी येते. बाजूला ठेवायची हार्ड डिस्क झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. डब्यावर मार्करनं ‘माळा’ आणि प्रत घेतल्याची तारीख. वर्षानुवर्षं विजेविना ठेवायला एसएसडीपेक्षा फिरती डिस्क बरी. पण तीही वर्षातून एकदा जोडून, फिरवून, दोन-चार फायली खरोखर उघडून बघावी लागते. त्याला गणपतीच्या आधीचा आठवडा बरा. मखर उतरवायला तेव्हा शिडी लावलेलीच असते.