बाबांचे कागदी शेअर आईच्या डिमॅटमध्ये आणताना: माझा अनुभव

घरात जुनी शेअर सर्टिफिकेटं निघतात आणि ज्यांच्या नावावर आहेत ते हयात नसतात. अशी वेळ बऱ्याच घरांवर येते, आमच्यावरही आली. काय लागलं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहितेय.

बाबा साताऱ्यात शिक्षक होते. 1973 च्या फेरा म्हणजे परकीय चलन नियमन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना इथल्या कंपनीतला आपला हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे शेअर सामान्य लोकांना मिळू लागले. विक्रीची किंमत सरकारी परवानगीने ठरायची, त्यामुळे ते स्वस्तात मिळायचे. स्टाफरूममधले एक सर फॉर्म आणायचे आणि चार-पाच जण मिळून भरायचे. नशीब असेल तर रजिस्टर्ड पोस्टाने सर्टिफिकेट घरी यायचं. विकायचे तर ट्रान्सफर डीडवर सही करून कागद पुण्याच्या सब-ब्रोकरकडे द्यायचे, तिथून ते मुंबईला. सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून परत. बाबांनी शेवटपर्यंत एकही शेअर विकला नाही. त्यात दूरदृष्टी किती आणि कंटाळा किती, देव जाणे!

1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला, डिमॅट सुरू झालं, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात ठेवायचे. "वर्षाला पैसे भरून माझेच शेअर मी दुसऱ्याकडे कशाला ठेवू?" हे बाबांचं त्यावरचं मत. पुढे 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करणं बंदच झालं. वारसाच्या नावावर करण्याची वाट तेवढी उघडी आहे, तिला ट्रान्समिशन म्हणतात.

आमच्याकडे दोन कंपन्यांची सर्टिफिकेटं होती, दोन्ही फक्त बाबांच्या नावावर, नॉमिनी नाही. कंपन्यांशी थेट संबंध सहसा येत नाही, बहुतेक काम भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे म्हणजे आरटीएकडे. मी आधी सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर (भागधारकाचा खाते क्रमांक) देऊन आज किती शेअर शिल्लक आहेत ते विचारलं. हे प्रत्येकाने पहिल्यांदा करावं, कारण सर्टिफिकेटवरच्या आकड्याला काही अर्थ उरलेला नसतो. आमच्या एका कंपनीने मधल्या काळात बोनस दिले होते, शिवाय दहा रुपयांच्या शेअरचे एकेक रुपयाचे तुकडे केले होते.

आणि इथेच रस्ते वेगळे झाले. कागदी शेअरची किंमत एका कंपनीत 5 लाखांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र यांवर भागतं. पहिली कंपनी त्यात बसली. दादाने बंगळुरूहून ना-हरकत नोटरी करून पाठवली. (प्रतिज्ञापत्राला तेव्हा शंभरचा स्टॅम्प पेपर चालला, आता पाचशेचा लागतो.) दुसरी कंपनी 5 लाखांच्या पुढे गेली, म्हणून कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा हक्काचा दाखला, काढावं लागलं. वकील, पेपरात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग तारीख. यात कुणाला दोष देता येत नाही, पण वेळ जातो.

सगळ्यात जास्त घोळ आईच्या सहीने घातला. आयएसआर-2 नावाच्या फॉर्मवर बँक मॅनेजरने सही साक्षांकित करायची असते. बँकेतली आईची सही खातं उघडलं तेव्हाची, ठसठशीत मराठीत, आडनावासकट. आता तिचा हात थरथरतो, आडनावाशी येईपर्यंत रेघ खाली घसरते. मॅनेजर म्हणाले, "काकू, जुळत नाही हो." आई म्हणाली, "तेव्हा मी पंचेचाळीसची होते, मी तरी कुठे जुळते!" ते हसले, पण शिक्का काही मारला नाही. शेवटी आधी बँकेतच नवी सही नोंदवली, ती सिस्टीमला चढल्यावर फॉर्म पुढे सरकला. घरी वयस्कर माणूस असेल तर हे काम सर्वांत आधी उरका.

त्याच आठवड्यात आईचं डिमॅट खातं माझ्या मोबाईलवरून उघडलं. आधारचा ओटीपी, कॅमेऱ्यासमोर चेहरा, पांढऱ्या कागदावर एक सही, झालं. तिथे थरथरत्या सहीला कुणी हरकत घेतली नाही. देशात 2022 च्या ऑगस्टमध्ये डिमॅट खाती 10 कोटींच्या वर गेली ती अशीच. नव्याने येणाऱ्याला बाजार पायघड्या घालतो आणि चाळीस वर्षांच्या जुन्या भागधारकाला मात्र तो तोच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. जुने शेअर खोट्या सह्यांनी लाटले जातात हे खरं, त्यामुळे तपासणी हवीच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: आरटीए त्रुटी एकदम सांगत नाही. एक पुरी केली की दुसरी निघते. मी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, त्यानंतर उरलेल्या त्रुटी एकाच पत्रात आल्या.

पहिल्या कंपनीकडून 'लेटर ऑफ कन्फर्मेशन', म्हणजे शेअर आईच्या नावावर मंजूर झाल्याचं पत्र, आलं. तेव्हा ते 120 दिवसांत डिमॅटवाल्याकडे द्यावं लागायचं, नाहीतर शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात जायचे. आम्ही लगेच दिलं.

दुसऱ्या कंपनीचे शेअर तिच्याकडे नव्हतेच. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला गेला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफमध्ये (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत) जमा होतात. आम्ही घर बदलल्यावर डिव्हिडंडची वॉरंटं (चेकसारखे कागद) जुन्या पत्त्यावर जात राहिली असणार. सक्सेशन सर्टिफिकेट दाखवून कंपनीकडून आधी हक्काचं पत्र घेतलं, मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-5 भरला. फी काही नाही. त्याची प्रिंट, हमीपत्र, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली आगाऊ पावती आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवली. पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला. याच कामाचे एका 'सल्लागारा'ने वीस टक्के मागितले होते. फॉर्म किचकट आहे, पण वीस टक्क्यांइतका नाही.

शेअर आले, मागचा डिव्हिडंडही आईच्या खात्यात जमा झाला. तिने थोडे विकून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. खात्याला नॉमिनी म्हणून दादाचं आणि माझं नाव तिने स्वतः सांगून घालायला लावलं, निम्मं-निम्मं.