भाव कर्जात बसला पाहिजे

सासऱ्यांचा जुळे सोलापुरातला फ्लॅट विकायला काढलाय. दोन बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर थेट गच्ची. भाऊजी पुण्यात वाकडला असतात. त्यांनी फोनवरच भाव फोडला, ३६ लाख. "वहिनी, याच्या खाली यायचं नाही." आधार काय, तर त्याच रस्त्यावरच्या एका फ्लॅटची ऑनलाइन जाहिरात. ती मी दिवाळीपासून बघतेय. फोटोतला आकाशकंदील अजून उतरलेला नाही.

मी बँकेत कर्ज विभागात आहे, त्यामुळे मला भाव दुसऱ्या टोकाकडून दिसतो. असा फ्लॅट रोख मोजून घेणारे आमच्याकडे थोडेच. येणार तो शिक्षक, एसटीतला, नाहीतर गारमेंटमधला सुपरवायझर. म्हणजे कर्ज काढणारा. मग बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, येतो. त्याला सासूबाईंनी हौसेने बसवलेल्या कडप्प्याशी देणंघेणं नसतं. इमारतीचं वय, जिना, भोगवटा प्रमाणपत्र, एवढंच तो बघतो.

ओळखीच्या व्हॅल्युअरने अंदाज दिला २९ लाखांचा. करारातली रक्कम आणि हे मूल्यांकन, यातलं जे कमी ते बँक धरते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के, म्हणजे २६ लाख १० हजार. भाऊजींच्या भावाने घेणाऱ्याला पदरचे ९ लाख ९० हजार घालावे लागतील. भाव ३० केला तर ३ लाख ९० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा एक टक्का (कमाल ३० हजार) वेगळा, त्याला कर्ज नाही. ही बेरीज मी रोज काउंटरवर बघते. गिऱ्हाईक घराला नाही म्हणत नाही हो, या वरच्या पैशांपाशी अडतं.

भाऊजींचा पुढचा मुद्दा रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर. १ एप्रिल २०२५ ला राज्यातल्या महापालिकांत सगळ्यात जास्त वाढ सोलापुरात झाली, १०.१७ टक्के. "सरकारच म्हणतंय ना भाव वाढला!" अहो, ते मुद्रांक वसूल करायला. त्याचा उपयोग एवढाच, की खाली किती उतरायचं ते कळतं. या दराने निघणारी सरकारी किंमत करारातल्या रकमेच्या ११० टक्क्यांवर गेली, तर विकणाऱ्याचा, म्हणजे आपला, भांडवली नफाही त्याच किमतीवर धरतात. मिळाले नाहीत त्या पैशांवर कर कोण भरणार?

बघायला येणारे मात्र यातलं काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "पाणी किती दिवसाआड?" दुसरा, "बोअर आहे का?" बोअर आहे, खाली मोठा हौद आहे, हे मी जाहिरातीत पहिल्याच ओळीत टाकलंय. एप्रिलमध्ये गच्चीखालच्या खोल्या भट्टी होतात, तेव्हा घर दाखवायचं ते सकाळीच.

थांबायचं म्हटलं तर थांबणंही फुकट नाही. २९ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला पंधरा हजारांच्या वर होतात. बंद घराचा मेंटेनन्स आणि पालिकेची घरपट्टी आम्हीच भरतोय. हे आकडे लिहून पाठवल्यावर भाऊजी जरा नरमले.

सध्या ३१ सांगतोय, साडेएकोणतीसपर्यंत यायची तयारी आहे. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत, कुणी बसलं नाही तर ३०च सांगायचे. आणि जोडपं आलं की मी बाईंना आधीच सांगते, घर तुमच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांकात एक टक्का सूट आहे.